काम कुठे नडलंय, ते बघा

(रौप्यमहोत्सवी समारंभात दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेलं भाषण)



सेक्रेटरींनी मला करिअरविषयी दोन शब्द बोलायला सांगितलं. जन्म बँकेत गेला, तेव्हा उपदेश कमी आणि हिशेब जास्त होईल, सांभाळून घ्या.

जिन्यात भेटलात की तुमच्यातले काही जण म्हणतात, "आजोबा, लोकांच्या उपयोगी पडेल असं काहीतरी करायचंय." ऐकून बरं वाटतं. पुढचा प्रश्न असतो, "मग डॉक्टर होऊ की कलेक्टर?" माझं म्हणणं, कोणता पेशा थोर हे विचारूच नका. कोणतं काम माणसावाचून नडलंय, ते विचारा.

आपली सोसायटी सहकारी, म्हणून उदाहरणही सहकारातलंच देतो. वर्गीस कुरियन अमेरिकेत शिकलेले इंजिनिअर. शिष्यवृत्तीच्या अटीपायी १९४९ साली त्यांना गुजरातेत आणंदला सरकारी नोकरीवर यावं लागलं. तिथे मन रमेना. मोकळे झाल्यावर ते निघायच्या बेतात होते, तेव्हा शेतकऱ्यांच्या दूध संघाचे त्रिभुवनदास पटेल यांनी यंत्रांच्या कामासाठी थांबायची विनंती केली. ते राहिले ते कायमचेच. मोठ्या शहरात त्यांच्यासारखे आणखी मिळाले असते, आणंदच्या शेतकऱ्यांना मिळाले नसते. त्यांचे सहकारी दलाया हे दुग्धतंत्रज्ञ. म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही, असं परदेशी जाणकार सांगायचे. दलायांनी ती करून दाखवली. कुरियन सगळ्यांना माहीत, दलाया फार थोड्यांना. पण हिवाळ्यातल्या जादा दुधाचा प्रश्न त्यांच्यावाचून अडला असता.

आपल्याकडे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ साली गडचिरोलीत गेले. खेड्यात नवजात बाळं दगावत होती, दवाखाना लांब. त्यांनी गावातल्याच थोडंफार शिकलेल्या बायकांना बाळाची काळजी आणि उपचार शिकवले. तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. १९९९ साली 'लॅन्सेट'ने ते छापलं. म्हणजे उपयोगी पडायला मोठी पदवीच लागते, असंही नाही.

आता पालकांसाठी थोडं बँकेतलं. वीस लाखांचं शैक्षणिक कर्ज, दहा टक्के व्याज, दहा वर्षांची मुदत. हप्ता येतो महिना सुमारे २६,४०० रुपये. शिक्षण चालू असताना आणि नंतर साधारण वर्षभर हप्ता नसतो, पण व्याज चढतच असतं. अशा मुलाला तालुक्याच्या गावी तीस हजारांची, खऱ्या गरजेची नोकरी मिळाली, तर तो घेईल कशी? बारावीनंतर आपण सही करतो, तेव्हाच त्याची काही दारं बंद होतात. कर्ज वाईट नाही, मी स्वतः कितीतरी मंजूर केली. पण फी बघताना हप्ताही बघा. सरकारी कॉलेजात प्रवेश मिळत असेल, तर केवळ नावासाठी महागडं कॉलेज घेऊ नका.

सगळ्यांना गडचिरोलीला जाता येणार नाही. घर असतं, म्हातारे आईवडील असतात. हरकत नाही. चांगली नर्स, गणिताचा शिक्षक, फिजिओथेरपिस्ट हे जवळपासही कमीच पडतात.

मुलांनो, या सुट्टीत एक करा. एखादी नगरपालिकेची शाळा किंवा सरकारी दवाखाना गाठा आणि तिथल्या माणसांना विचारा, "तुमचं कोणावाचून अडतं?" उत्तर वहीत लिहून ठेवा. प्रवेशाचा फॉर्म भरायच्या आधी ते पान एकदा उघडा, आणि आईबाबांनाही दाखवा.