आईच्या डायरीतले लग्न



दिमोना येथे माझ्या थोरल्या ताईचे लग्न झाले, तेव्हा मी पाच वर्षांची होते. ते लग्न मला समजले आईच्या मराठी डायरीतून. मेंदी, हिरव्या बांगड्या, मलिद्याचे पोहे, नारळ, वेलची, सारा हिशेब तीत आहे. लग्नाची तारीख मात्र दोनदा खोडलेली. त्या काळी बेने इस्रायल वधूवरांकडे पूर्वजांचे दाखले मागत. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने आपण सर्वार्थाने यहुदी असल्याचा ठराव केला. पुढच्या पानावर तिसरी तारीख आहे, ती खोडलेली नाही.

आमच्या नातवंडांना मराठी वाचता येत नाही. मी त्यांना ती पाने वाचून दाखवते. आपल्या घरीही आईची वही असेल. ती मुलांसमोर उघडा, ही विनंती.