मुकादमाची गाडी येण्याआधीचं नाटक

(कंधार येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर चर्चा झाली आणि आता जेवणाआधी नाटकावर बोलायला मला उभं केलं आहे. मागून कुणीतरी म्हणालं ते मला ऐकू आलं, "भावाचं सोडून हे सोंग कशाला?" प्रश्न रास्त आहे. तेव्हा सुरुवात तिथूनच करतो.

आपल्या मोर्चाला डिसेंबरात माणसं कमी का पडतात? कारण तेव्हा आपला माणूस इथं नसतो. कापसाची पहिली वेचणी होते न होते तोच मुकादमाची गाडी गावात येते. दोन-तीन एकर कोरडवाहू ज्याची आहे त्याला कापसातून घातलेला खर्चही निघत नाही. त्यानं पावसाळ्यातच उचल घेऊन ठेवलेली असते. तो जातो पश्चिम महाराष्ट्रात, नाहीतर कर्नाटकात, उसाच्या फडात. मागं दुसरी वेचणी म्हाताऱ्यांच्या हाती राहते आणि रब्बीची ज्वारी काढायला माणूस मिळत नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाच्या वहीत माणसं लिहिलेली नसतात, कोयते लिहिलेले असतात. पाडव्याच्या आसपास ही मंडळी परत येतात. तेव्हा भावाचं आंदोलन संपलेलं असतं आणि कापूस व्यापाऱ्यानं कधीच नेलेला असतो.

हे मी तुम्हाला नवीन सांगत नाही. पण उचल किती घेतली, किती फिटली, अंगावर किती राहिली, हे सख्खा भाऊ भावाला सांगत नाही. बैठकीत विचारलं तर मान खाली जाते. जे तोंडानं सांगायची लाज वाटते ते दुसऱ्याचं सोंग घेतलं की सांगता येतं. नाटकाचा आपल्याला उपयोग आहे तो एवढाच, आणि तो लहान नाही.

मराठीत फड उसाचाही असतो आणि तमाशाचाही. हे नुसतं शब्दाचं साम्य नाही. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत तुम्ही सगळे तमाशे बघता. (माळेगाव आता लोहा तालुक्यात गेलं, पण पूर्वी ते आपल्या कंधारातच होतं.) त्या फडातला ढोलकीवाला आणि नाचणारी बाईसुद्धा फडमालकाकडून उचल घेऊन दसऱ्याला घर सोडतात आणि वैशाखापर्यंत गावोगाव हिंडतात. म्हणजे बोर्डावरचा स्थलांतरित आणि समोर बसलेला त्याचा भाऊबंद. फक्त जत्रा मार्गशीर्षात भरते, तेव्हा आपली ऊसतोडीची माणसं समोर नसतात.

अण्णाभाऊ साठे वाटेगावहून लहानपणी बापाबरोबर पायी चालत मुंबईला गेले. पुढं १९४४ साली त्यांनी, अमर शेखांनी आणि गव्हाणकरांनी लाल बावटा कलापथक काढलं. अण्णाभाऊंनी तमाशाचा साचा ठेवला आणि आतला माल बदलला. गणात गणपतीच्या जागी मायभूमी आणि कष्टकरी आणला, गवळण काढून टाकली. गाव सोडून आलेल्या माणसानं गाव सोडून आलेल्या माणसांसाठी केलेलं ते काम होतं. गिरणीतल्या माणसाला स्वतःचंच जिणं समोर उभं दिसलं.

अलीकडचंही सांगतो. जालना जिल्ह्यातल्या जांबसमर्थचे राजकुमार तांगडे खेड्यात राहून लिहिते झाले. 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे त्यांचं नाटक २०१२ पासून महाराष्ट्रभर गाजलं आणि त्यात कामं करणारी बरीच पोरं त्याच भागातली होती. विदर्भात श्याम पेठकरांनी लिहिलेलं आणि हरीश इथापे यांनी बसवलेलं 'तेरवं' आहे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायका-मुली त्यात स्वतः उभ्या राहतात. कापूस पिकवणाऱ्या घरातली विधवा आपलं दुःख दुसऱ्या कुणा नटीच्या हवाली करत नाही.

पण नाटक करणाऱ्याला एक धोका असतो, तो मी ब्राझीलच्या एका माणसाकडून शिकलो. ऑगस्टो बोआल त्याचं नाव. १९३१ साली जन्मला, २००९ मध्ये वारला. शहरातली आपली नाटकमंडळी घेऊन तो खेड्यात गेला. जमिनीसाठी रक्त सांडा, अशी आरोळी ठोकून, बंदुका उंचावून त्यांनी नाटक संपवलं. एक शेतकरी गहिवरून पुढं आला आणि म्हणाला, चला, जेवू आणि मग तुमच्या बंदुका घेऊन जमीनदाराच्या माणसांवर चालून जाऊ. नटांची बोबडी वळली. बंदुका खोट्या आहेत म्हणून त्यांनी सांगितलं. तो म्हणाला, बंदुका खोट्या असल्या तरी तुम्ही तर खरे आहात ना, बंदुका आमच्याकडं आहेत. तेव्हा नटांना कबूल करावं लागलं की आम्ही नुसते कलावंत. मग त्या शेतकऱ्याला उमगलं, की ही मंडळी ज्या रक्ताबद्दल बोलत होती ते त्याचं होतं, त्यांचं नव्हतं. बोआल आयुष्यभर ही गोष्ट सांगत राहिला. आपल्या प्रत्येक वक्त्यानं, माझ्यासकट, ती पाठ करावी अशी आहे.

पुढं बोआलनं वेगळी रीत काढली. नाटक अडचणीपाशी आणून थांबवायचं. बघणाऱ्यांपैकी कुणीही उठावं, नटाला बाजूला करावं आणि मी असतो तर काय केलं असतं ते करून दाखवावं. मध्ये एक माणूस खेळ चालवतो, त्याला ते जोकर म्हणतात. आपल्याकडं सोंगाड्या पहिल्यापासून आहेच.

आता आमच्या गावचं. तीन वर्षांपूर्वी पोळ्यानंतर आम्ही सात-आठ जणांनी मारुतीच्या पारासमोर अर्ध्या तासाचा खेळ केला. लिहिला मीच, आणि कबूल करतो, वाईट लिहिला. मिशीवाला मुकादम, खदाखदा हसतो, आंगठा घेतो. पोरांनी शिट्ट्या मारल्या. खेळ थांबवून सोंगाड्यानं विचारलं, "आता कोण येतं?" तर उठला कोण? गावातलाच एक खरा मुकादम! म्हणाला, "माझ्या जागी येऊन बसा. मी वरून पैसे उचललेत, ट्रॅक्टरचे हप्ते आहेत, दोन कोयते उचल घेऊन पळाले तर भरपाई माझ्या उरावर." एक तरणा पोरगा तावातावानं त्याच्या जागी बसला. पाच मिनिटांत तोही समोरच्या मजुराला तेच बोलायला लागला, जे मुकादम बोलतो. लोक हसले आणि मग हसायचे थांबले.

त्यानंतर निघण्याचा प्रसंग होता. गाडी भरली, भांडी चढवली, गाडी गेली. आम्ही पुढं सरकणार तोच बायकांमधून एक बाई उठली. म्हणाली, "तुम्ही गाडी भरली, घर कुठं भरलं?" पुढं आली, खाली बसली आणि रिकाम्या हातानं पायलीनं ज्वारी मोजू लागली. ही सासूची. ही मागं राहणाऱ्या थोरल्या लेकीची. मोजता मोजता थांबली, सासूच्या वाट्यातली एक पायली काढून लेकीच्या वाट्यात टाकली, परत थांबली, अर्धी परत ठेवली. एक शब्द बोलली नाही. पाराभोवती शंभरेक माणूस होतं, कुणी खाकरलंसुद्धा नाही. सहा महिन्यांची ज्वारी घरात कोण मोजतं आणि ती कशी मोजतात, हे त्या गावातल्या आम्हा पुरुषांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. माझ्या घरातही ती बायकोच मोजायची.

त्या खेळानं काय झालं? फार नाही. त्या वर्षी तीन टोळ्यांनी मुकादमाकडं मागणी केली, की उचलीचा हिशेब प्रत्येक कोयत्याच्या घरीही लिहिलेला राहील. दोघांनी वही दिली. तिसऱ्यानं दिली नाही, त्यानं दुसऱ्या गावचे कोयते नेले आणि त्या टोळीतल्या चार घरांचा हंगाम बुडाला. त्या घरांना आम्ही काय तोंड दाखवणार होतो? गावानं वर्गणी केली, ती पुरली नाही. हे लपवून मी तुमच्याकडं नाटकाची वकिली करणार नाही.

घर सुटण्याचे प्रकार आणखीही आहेत. धरणात गेलेल्या गावाची माणसं आपल्यात बसली आहेत. लातूरकडच्या भावांना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सांगायला नको. गणपती विसर्जनानंतरची ती रात्र, आणि नंतर नव्या जागी वसवलेली ५२ गावं. तिथं आजही लोक जुनं गाव, नवं गाव असं बोलतात. पाण्याखाली गेलेल्या एका गावच्या म्हाताऱ्यांबरोबर आम्ही मोकळ्या रानात चुन्यानं जुन्या गावाचा नकाशा काढला आणि त्यांना त्यात चालायला सांगितलं. वेशीपासून वाड्यापर्यंत सगळे भराभर चालले. विहिरीपाशी मात्र दोन म्हाताऱ्यांच्या दोन वाटा झाल्या. एकाला त्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं. आठवणीत गाव सगळ्यांचं सारखं गोड असतं असं आपण समजतो. चुन्याच्या रेघेवर चालताना ते तसं राहत नाही.

ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी थोडं. पोळा ते दसरा ही वेळ धरा, नाहीतर माणसं परत आल्यावर पाडव्यानंतर. मंडप नको, पडदा नको, खळं पुरे. गावातल्या कुणाचं खरं नाव घेऊ नका. बायकांना पुढं बसवा. मागं भिंतीला बसवलंत तर एकही उठणार नाही. तांड्यावरचा खेळ तांड्यानं बसवावा, गोरमाटीत बोलावा, आपण बघायला जावं. शेवट लिहू नका. आणि उठलेल्या माणसाला सोंगाड्यानं दुरुस्त करू नये, त्याला फक्त विचारावं, "मग पुढं काय?"

जेवणानंतर त्या लिंबाखाली बसू. ज्यांच्या गावातून गाड्या जातात त्यांनी यावं. इथं कुणी मुकादम असतील तर त्यांनीही यावं, तुमच्या जागी बसून बघायला माणसं तयार आहेत.