वाढत्या पावलांची सोबत
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषणाचा सारांश)



भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या काळात, १९७५ साली, श्री. डी. आर. मेहता यांनी जयपूर येथे भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली. डॉ. प्रमोद करण सेठी व कुशल कारागीर रामचंद्र शर्मा यांच्या प्रयत्नांतून साकारलेला 'जयपूर फूट' समितीने असंख्य गरजूंना विनामूल्य दिला. या पायाने उकिडवे बसता येते, मांडी घालता येते, अनवाणी शेतात जाता येते. खानदेशच्या काळ्या मातीत राबणाऱ्यांना त्याचे मोल सांगावयास नको.

आज मात्र मला बालकांविषयी बोलावयाचे आहे. एका शिबिरात चार वर्षांच्या मुलीला पाय बसविला, तेव्हा टाळ्या वाजविणाऱ्यांत मीही होतो. दीड वर्षाने ती एका पायावर उड्या मारीत जाताना दिसली. "पाय लहान झाला," आई म्हणाली. पुन्हा कोठे जावयाचे, हे त्या माउलीस आम्ही सांगितलेच नव्हते.

बालकाचे हाड वाढते, पाय आखूड पडतो, सॉकेट रुतू लागते. म्हणून पहिली काही वर्षे साधारणतः दरवर्षी आणि पुढेही वाढ पूर्ण होईपर्यंत ठरावीक काळाने नवे साधन लागते. मूल उभे राहण्याची धडपड करू लागले की पहिला पाय द्यावा. मांडीपासून पाय नसल्यास आरंभी गुडघ्याच्या सांध्याविना साधाच पाय पुष्कळदा पुरतो. हाताचे निराळे. जन्मतः हात नसलेली कित्येक बालके आपली कामे स्वतःच्या युक्तीने करतात. जड, शोभेचा हात ती काढून ठेवतात. त्यांना सायकलचा दांडा किंवा चमचा धरणारे हलके साधन अधिक उपयोगी पडते. यास्तव माप घेण्यापूर्वी बालकाला विचारावे, "तुला काय करावेसे वाटते?"

या सुवर्णमहोत्सवी वर्षात माझी नम्र विनंती आहे. शिबिरे अवश्य भरवावीत. पण जळगाव व धुळे जिल्ह्यांतील अशा प्रत्येक बालकाची नोंदवही ठेवावी. दरवर्षी त्याचे माप तपासावे, प्रवासखर्च द्यावा आणि ते सज्ञान होईपर्यंत एका कुटुंबाने त्याची जबाबदारी स्वीकारावी.

दान एका दिवसात देता येते. अनुकंपा वर्षानुवर्षे पाळावी लागते. बालकाबरोबर आपली सेवाही वाढत राहो, हीच प्रार्थना. जय जिनेंद्र!