उताऱ्यावर तिचे नाव

(सीमाभागातील एका खेड्यात भरलेल्या मेळाव्यात आम्ही केलेले भाषण)



हक्काची भाषा आम्हां सीमावासीयांना कोणी शिकवावयास नको. 1 नोव्हेंबर 1956 रोजी आमची गावे आम्हांला न विचारता दुसऱ्या राज्याच्या दप्तरी नोंदली गेली. हा अन्याय आहे, असे आम्ही तेव्हापासून सांगत आलो आहोत. परंतु आजचा प्रश्न सरकारला नाही, आम्हांलाच आहे. आमच्या लेकीबाळींची नावे त्यांना न विचारता घरच्या दप्तरातून कोणी गाळली?

शिवारात जाऊन पाहा. भाताचा तरवा काढावा तिने, चिखलात वाकून लावणी करावी तिने, रताळ्याचे वेल लावावेत तिने, आणि पहाटे भाजीची बुट्टी डोक्यावर घेऊन बेळगावचा बाजार गाठावा तोही तिनेच. कर्ता पुरुष उद्यमबागेत नाही तर गोव्यात कामाला गेला, की सारी शेती तिच्याच अंगावर पडते. 2011 च्या शिरगणतीत देशातील काम करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे 65 टक्के शेतकरी वा शेतमजूर होत्या. 2015-16 च्या कृषिगणनेत मात्र स्त्रियांच्या नावची वहिवाट खाती सुमारे 14 टक्केच भरली.

काळ बदलला, हे खरे. बचत गटाने तिच्या हाती चार पैसे दिले. 2010 मध्ये कर्नाटकाने पंचायतीच्या निम्म्या जागा तिच्यासाठी राखल्या. पण पीककर्जाला बँक उतारा मागते, आणि उताऱ्यावर नाव दुसऱ्याचे असते.

कायदा अडवीत नाही. कर्नाटकाच्या 1994 च्या दुरुस्तीने आधी लग्न झालेल्या मुलींना वगळले होते. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला, आणि हा हक्क जन्मसिद्ध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये निक्षून सांगितले.

मग अडते कोठे? हक्कसोडपत्रावर. वडिलांचे दिवसकार्य उरकते न उरकते तोच भाऊ कागद पुढे करतो. कागद कानडीत असतो. तिला त्यातले अक्षर लागत नाही. माहेर तुटेल या भयाने ती अंगठा उठविते. कानडी कागद आमच्यावर लादू नका, असे सरकारला बजावणारे आम्हीच तो कागद बहिणीपुढे सरकवितो!

जमिनीचे तुकडे पडतील, असे कोणी म्हणेल. चार भाऊ वाटणी करतात तेव्हा ते पडत नाहीत काय?

बंधूंनो, आमचे मागणे थोडे आहे. सही मागण्यापूर्वी तो कागद बहिणीला मराठीत वाचून दाखवा. तिचा वाटा किती, ते स्वच्छ सांगा. ती नाही म्हणाली, तरी येत्या भाऊबीजेला तिला मुराळी पाठवा. एवढे आमच्या हातून झाले, तर न्याय मागताना आमचा आवाज कापणार नाही.