जुन्या पिकअपच्या केबिनचे रबर: कधी बदलायचे, कसे बदलायचे

आजचा विषय छोटा वाटेल, पण कंबर आणि खिसा दोन्हीला लागणारा आहे: जुन्या पिकअपच्या केबिनचे रबर. कुणी बुश म्हणतं, कुणी माउंटिंग.

बोलेरो पिकअपसारख्या गाडीत केबिन चेसीला वेल्डिंग केलेली नसते. ती बोल्टवर बसते, मध्ये जाड रबर असतं. रस्त्याचा दणका आधी टायर घेतं, मग पाटे आणि शॉकअप, उरलेला हे रबर. आता आपल्याकडचा वापर बघा. इंदापूरचं डाळिंब, बारामतीचं दूध, भिगवणची मासळी. सोलापूर हायवेला गाडी सरळ पळते, पण माल भरायचा पाणंदीच्या रस्त्यावर. ऊन, ऑइल आणि चिखल, यात रबर कडक होतं, तडकतं, चेपून पातळ होतं.

ओळखायचं कसं? खड्ड्यात खालून खटखट येते आणि शॉकअप बदलले तरी जात नाही. दरवाजा नीट बसत नाही. केबिन आणि हौदा यांच्यातली फट एका बाजूला कमी दिसते. शॉकअपवर खर्च करण्याआधी बॅटरी घेऊन खाली वाका आणि रबर बघा. तिथंच पत्राही तपासा. माउंटिंगजवळचा पत्रा गंजून गेला असेल तर आधी वेल्डिंग, मग रबर. नाहीतर नवं रबर कुजक्या पत्र्यावर बसणार.

आता काम. आदल्या रात्री बोल्टवर गंज सोडवायचं ऑइल मारून ठेवा. सपाट जागा, हँडब्रेक, चाकाला दगड, बॅटरीची वायर काढलेली. एका बाजूचे बोल्ट काढा, दुसऱ्या बाजूचे फक्त ढिले करा. सगळे एकदम काढले तर केबिन सरकते आणि भोकं जुळवताना घाम निघतो. जॅक आणि पत्रा यांच्यात जाड लाकडी फळी हवीच. केबिन रबर निघेल एवढीच उचला, आणि उचलताना स्टिअरिंगचा जॉइंट, गिअर लिव्हर, ब्रेकचे पाइप, वायरिंग यांवर नजर ठेवा. काही ताणलं की थांबायचं. आणि हात घालण्याआधी लाकडाचे ठोकळे लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर बोटं घालू नका. रबर पुन्हा मिळतं, बोट मिळत नाय.

बुशच्या आतली लोखंडी नळी विसरू नका. ती नसली तर बोल्ट आवळताना रबर चेपून जातं. केबिन पूर्ण खाली बसली, वजन आलं, की मगच शेवटचा आवळा. मग थोडं चालवून पुन्हा तपासा.

पॉलीयुरेथेनचे बुश जास्त टिकतात, पण कडक असतात, हादरा जास्त येतो. रोज दहा तास गाडीत बसणाऱ्यानं रबरच घ्यावं, आणि पूर्ण सेट घ्यावा. दोन नवे, बाकी जुने बसवले तर केबिन तिरकी बसते.

तुमच्या गाडीत खटखट कुठून येते, कळवा. भेटू पुढच्या भागात. राम राम.