लाकडी तुळयांवरचे न्हाणीघर

गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर या मुंबईच्या जुन्या भागांतील कित्येक इमारती आजही लाकडी सांगाड्यावर उभ्या आहेत. सागवानी तुळया, त्यांवर फळ्या, फळ्यांवर चुन्याचा कोबा आणि कोपऱ्यात शहाबादी फरशीची मोरी, अशी तेथील जमिनीची सर्वसाधारण रचना. सिमल्यासारख्या गिरिस्थानी जुन्या बंगल्यांतूनही लाकडी जमिनी आढळतात. अशा जमिनीवर चकचकीत लाद्या बसविण्याची हौस आता घरोघर दिसते. हौस गैर नाही. परंतु लादीचा आणि लाकडाचा स्वभाव जुळत नाही, हे आधी ओळखले पाहिजे.

लाकूड तोडल्यावरही हवेतील ओल घेते आणि सोडते. पावसाळ्यात फळी रुंदीत फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पावलाखाली किंचित लवतेही. लादीला लवणे ठाऊक नाही. ती तडकते, किंवा तिच्या सांध्यांत केसासारख्या भेगा पडतात आणि त्यांतून पाणी खाली झिरपू लागते. लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांहून अधिक ओल सतत राहिली, की कूज आणणारी बुरशी तेथे बिऱ्हाड करते. वर लादी शोभिवंत दिसत असते आणि खाली तुळई पोखरली जात असते!

म्हणून पहिले काम उकलण्याचे. जुनी फरशी व कोबा काढून तुळया उघड्या कराव्यात आणि टोकदार आरीने त्या ठिकठिकाणी टोचून पाहाव्यात. भिंतीत रुतलेली टोके विशेष काळजीने तपासावीत. कूज बहुधा तेथूनच लागते. आरी सहज आत शिरली, तर पुढचा निर्णय गवंड्याचा नव्हे, स्थापत्य अभियंत्याचा. इमारत उपकरप्राप्त असेल, तर १९६९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या आणि पुढे म्हाडात समाविष्ट झालेल्या दुरुस्ती मंडळाकडेही आधी चौकशी करावी. या कामी आळस करणारे पुष्कळ भेटतात. पण प्रश्न केवळ आपल्या मोरीचा नसतो. त्या तुळईखाली दुसऱ्याचे बिऱ्हाड झोपलेले असते.

आपल्याकडे रीत अशी, की उतार काढण्यासाठी वाळू-सिमेंटचा जाड थर ओतावयाचा. पाच सेंटिमीटर जाडीचा थर दर चौरस मीटरला सुमारे १०० किलो भरतो. जुन्या फरशीवर नवी लादी चढविणे हाही त्याच जातीचा उद्योग. शतकभर ओझे वाहिलेल्या तुळयांवर हा भार का लादावा? त्यापेक्षा तुळयांच्या माथ्यांवर उतरत्या पट्ट्या मारून लाकडातच नळाकडे उतार काढावा; मीटरला दीड ते दोन सेंटिमीटर पुरे.

तुळयांच्या मध्ये आडवे ठोकळे घट्ट बसविले म्हणजे लवणे कमी होते. त्यावर आयएस ७१० प्रतीचे जलरोधक प्लायवूड टाकावे. तक्त्यांचे सांधे एका ओळीत येऊ देऊ नयेत, मध्ये तीन मिलिमीटर फट ठेवावी, आणि खिळ्यांऐवजी स्क्रू वापरावेत. खिळा कालांतराने सैल होऊन करकरू लागतो. भुशाचे दाबीव तक्ते मात्र कटाक्षाने टाळावेत. पाणी लागताच ते फुगतात.

प्लायवूडवर फायबर-सिमेंटचा पातळ तक्ता आणि त्यावर लवचीक जलरोधक लेप, दोन हातांत, एकमेकांस आडवा. कोपऱ्यांत व नळाच्या तोंडाशी जाळीची पट्टी लेपात बुडवून बसवावी आणि लेप भिंतीवर वीतभर चढवावा. भिंतीलगत पाच-सहा मिलिमीटर फट राखून ती पुढे सिमेंटने नव्हे, तर रबरासारख्या लवचीक मसाल्यानेच भरावयाची आहे, हे कारागिरास आधीच बजावावे. लादीसाठीही लवचीक चिकटद्रव्यच आणावे.

लेप पूर्ण वाळल्यावर नळाचे तोंड बंद करून दोन बोटे पाणी साठवावे आणि भिंतीवर पातळीची खूण करावी. दोन दिवस थांबावे, आणि या काळात खालच्या बिऱ्हाडी जाऊन त्यांचे छत सकाळ-संध्याकाळ पाहून यावे. शेजारधर्माचा चहा अनायासे मिळतो. डाग उमटला, तर लेप पुन्हा. छत कोरडे राहिले, तर लाद्यांच्या पेट्या वर चढविण्यास हरकत नाही.