शस्त्रक्रियागृहातील संगीत

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एका राज्याच्या वित्त विभागात अधिकारी होतो. एका जिल्हा रुग्णालयाची साहित्याची मागणी मंजुरीसाठी माझ्यापुढे आली. कात्र्या, चिमटे, हातमोजे, टाके घालण्याचा दोरा अशा शंभर-सव्वाशे जिनसांच्या यादीत अगदी तळाशी एक ओळ होती : शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णांना संगीत ऐकविण्यासाठी एक यंत्र व सहा हेडफोन. मी ती ओळ खोडली आणि समासात शेरा मारला, ‘करमणुकीचा खर्च आरोग्याच्या लेखाशीर्षाखाली टाकता येणार नाही.’ शासनाचे चार पैसे वाचविल्याचे समाधानही त्या वेळी मला वाटले.

पुढे तीन वर्षांनी, दिल्लीत प्रतिनियुक्तीवर असताना, मलाच हर्नियाची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. पाठीच्या कण्यात सुई देऊन माझे कमरेखालचे अंग बधिर केले. पाय आधी ऊन, मग जड झाले, आणि मग ते आपले नाहीतच असे वाटू लागले. छातीपाशी हिरव्या कापडाचा पडदा बांधला. दिसत काहीच नव्हते, दुखतही नव्हते. पण कान मात्र पूर्ण जागे होते. थाळीत पडणाऱ्या हत्यारांचा खणखणाट, कुणाच्या तरी रजेच्या गप्पा, आणि डोक्यामागच्या यंत्रातून येणारा माझ्याच नाडीचा टिक् टिक् आवाज. तो आवाज जलद झाला की मी घाबरे, आणि मी घाबरलो की तो आणखी जलद होई.

माझ्या उशाशी केरळची एक परिचारिका उभी होती. हातातले काम करता करता ती स्वतःशीच काहीतरी गुणगुणू लागली. मला मल्याळम भाषेचा गंध नाही. पण ती चाल संथ होती, पुन्हा पुन्हा त्याच सुरावर येऊन विसावत होती. पुढचा सूर कोठे येणार हे ओळखण्यात मी गुंतलो. काही वेळाने माझ्या ध्यानात आले की यंत्राची टिकटिक मंदावली आहे. दुसऱ्या दिवशी ती खोलीत आली तेव्हा मी त्या गाण्याविषयी विचारले. तिचा चेहरा उतरला. “चूक झाली, साहेब, पुन्हा गुणगुणणार नाही,” असे ती हिंदीत म्हणाली. मी तक्रार करीत नाही, आभार मानतो आहे, हे तिला पटवून देता देता माझी पुरेवाट झाली. आणि त्याच वेळी मला समासातला तो शेरा आठवला.

बरे झाल्यावर या विषयावरचे जे हाती लागले ते मी वाचून काढले. भीती ही केवळ मनाची अवस्था नाही. संकटाची चाहूल लागताच मज्जासंस्था मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना चेतविते; त्यांतून अ‍ॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात उतरतात; हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो. वाघापुढून पळणाऱ्याला हे उपयोगी असेल. पण टेबलावर निजलेल्याला पळायचे कोठेच नसते. त्याच्या शरीरावर तो निव्वळ भार होतो, आणि वृद्ध वा हृदयविकारी रुग्णाला तो भार धोक्याचाही ठरू शकतो.

बॉस्टन येथे १८४६ साली ईथरची भूल देऊन जाहीर शस्त्रक्रिया झाली आणि वेदनेचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. भीतीचा प्रश्न तसाच उरला. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील इव्हान केन या शल्यविशारदाने १९१४ साली शस्त्रक्रियागृहात फोनोग्राफ वाजविण्याचा आपला अनुभव वैद्यकीय नियतकालिकातून प्रसिद्ध केला. रुग्णाचे चित्त भयापासून दूर नेण्यासाठी त्याने ही योजना केली होती. याच केनने १९२१ साली केवळ तेवढाच भाग बधिर करून स्वतःचे आंत्रपुच्छ स्वतःच्या हातांनी काढले. जागेपणी टेबलावर निजणे म्हणजे काय, हे त्याने स्वतः अनुभवले होते.

पुढे या कल्पनेची रीतसर परीक्षा झाली. अमेरिकेत डोळ्यांची शस्त्रक्रिया होणाऱ्या ४० वृद्धांवरील एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ७४ होते. शस्त्रक्रियेच्या दिवशी सर्वांचाच रक्तदाब चढला. ज्यांना आपल्या आवडीचे संगीत ऐकायला मिळाले त्यांचा तो खाली आला. ज्यांना मिळाले नाही त्यांचा चढलेलाच राहिला. ब्रिटनमधील संशोधकांनी सुमारे ७,००० रुग्णांवरील ७३ चाचण्यांचा एकत्र विचार करून २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडला : संगीताने शस्त्रक्रियेनंतरची वेदना व चिंता कमी होते, वेदनाशामक औषधही कमी लागते. संपूर्ण भूल दिलेल्या रुग्णांतही हा परिणाम आढळला. ज्या दिल्लीत मी टेबलावर निजलो होतो तेथील मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयातही असा अभ्यास झाला. पित्ताशय काढताना बेशुद्धावस्थेत बासरी वा पियानोचे सूर ऐकविलेल्या रुग्णांना भुलेचे औषध कमी पुरले. त्याची वार्ता २०२५ साली आली.

अतिशयोक्ती मात्र करू नये. संगीत भुलेची जागा घेऊ शकत नाही. त्याने रुग्ण लवकर घरी जातो असेही त्या ७३ चाचण्यांत दिसले नाही. खोलीत मोठ्याने वाजणारे संगीत डॉक्टरांच्या परस्पर सूचनांत व्यत्यय आणील. म्हणून ते रुग्णाच्या कानापुरतेच असावे, आवाज बेताचा असावा, आणि डॉक्टरांनी खूण करताच बंद व्हावे.

आणि ते रुग्णाला विचारून लावावे. आपल्या देशात याला विशेष अर्थ आहे. एकाच वॉर्डात कोल्हापूरचा शेतकरी, बंगालची गृहिणी आणि तामिळनाडूचा कारागीर शेजारी शेजारी असू शकतात. एकाला अभंगाने धीर येईल, दुसरीला रवींद्रसंगीताने, तिसऱ्याला जुन्या चित्रपटगीताने. माझ्यासारख्याला अनोळखी भाषेतल्या गुणगुणण्यानेही तो आला. रुग्णालयात शिरल्यापासून रुग्णाचे कपडे, खाणे, झोप सारे दुसरे ठरवितात. ‘आपल्याला काय ऐकायला आवडेल?’ या प्रश्नाने निदान एक निर्णय त्याच्या हाती परत येतो.

खर्चाचे म्हणाल तर तो एका दिवसाच्या हातमोज्यांइतकाही नसेल. ती जुनी फाईल आता माझ्या अखत्यारीत नाही. तरी त्या रुग्णालयाच्या प्रमुखांना मी पत्र लिहिले, माझा शेरा चुकला होता हे मान्य केले, आणि मागणी पुन्हा पाठवावी, मात्र ‘करमणूक’ नव्हे तर ‘रुग्णोपचाराचे साहित्य’ या सदरात दाखवावी, असे सुचविले. पुढच्या यादीत ती ओळ आली आणि मंजूर झाली, असे कळले.

आपणांपैकी कुणावर, वा आपल्या घरच्या कुणावर, शस्त्रक्रियेचा प्रसंग आला तर आधल्या दिवशी डॉक्टरांना जरूर विचारा, ‘मला त्या वेळी थोडे संगीत ऐकता येईल का?’ काही डॉक्टर कारण सांगून नाही म्हणतील, त्यांचे ऐकावे. पुष्कळसे हो म्हणतील. आणि परिचारिका काही गुणगुणत असेल, तर तिला थांबवू नका.